पत्ता बदलला, पत्रं कुठे गेली?

कार्ल फोगेलचं ‘प्रोड्यूसिंग ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ हे पुस्तक 2005 साली ओरायलीने छापलं. मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ते नेटवर फुकट वाचता येतं. मी ज्या विषयात पीएचडी करतेय (छोट्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची स्मृती टिकते कशी) त्यात ते टाळून पुढे जाताच येत नाही. पुस्तक चांगलंच आहे, हे आधी सांगून टाकते. माझं भांडण एकाच प्रकरणाशी आहे: वेबसाइट आणि मेलिंग लिस्ट कुठे ठेवायची, या प्रकरणाशी.

फोगेलचा सल्ला थोडक्यात असा: स्वतःचा सर्व्हर सांभाळत बसू नका, तयार होस्टिंग देणाऱ्या साइटवर जा. बॅकअप, दुरुस्ती, जागा सगळं ते बघतील. तोटा काय, तर आपल्याला हवे तसे बदल करता येत नाहीत. दोन-चार जणांच्या प्रकल्पाला हे पटतंच. संध्याकाळी नोकरीवरून येऊन कोड लिहिणाऱ्याने मेल सर्व्हर का सांभाळावा?

पण तोट्यांच्या यादीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो तोटा नाहीच: साइटच बंद पडली तर? फोगेल स्वतः ज्या सबव्हर्जन प्रकल्पात होता, त्याचं घर होतं टिग्रिस. सबव्हर्जन 2009 मध्ये अपाचे फाउंडेशनकडे गेलं म्हणून निभावलं. टिग्रिस 2020 च्या जुलैत बंद झालं, आणि तिथे राहिलेल्या छोट्या प्रकल्पांना आपापलं बघावं लागलं. गूगल कोड 2016 च्या जानेवारीत बंद, गिटोरियस 2015 मध्ये, जर्मनीतलं बर्लिओएस 2014 मध्ये. पुस्तक छापताना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं हे मान्य. नंतर लेखक ऑनलाइन आवृत्ती सुधारत गेला हेही मान्य. पण मूळ मांडणीत होस्टिंग म्हणजे एकदा घ्यायचा निर्णय आहे. माझ्या मते ते भाड्याचं घर आहे, आणि भाडेकरूने सामान कायम बांधता येईल असं ठेवायला हवं.

आता आपल्या जवळचं उदाहरण घ्या. लोहित फॉन्ट तुम्ही वापरले नसतील तरी पाहिले नक्की असतील. मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, 2004 मध्ये रेड हॅटने ती मुक्त केली, आणि पुढचं बरंच काम पुण्यातूनच झालं. प्रकल्पाचं पान होतं फेडोराहोस्टेडवर. 2017 च्या सुरुवातीला ती सेवा बंद झाली. कोड दुसरीकडे हलला, तो आजही मिळतो. मग बिघडलं काय?

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून बघा. कोळी जातो तो दर्या, सह्याद्रीत असतात त्या दऱ्या. हिंदीला हा दुसरा, आडव्या झुपक्याचा र लागत नाही, मराठीला लागतो. ल आणि श यांचं वळणही मराठीत वेगळं. एकाच देवनागरी फॉन्टमध्ये हे सगळं कसं बसवायचं, कुठल्या भाषेला मूळ आकार द्यायचा आणि कुणाला पर्यायी, हे कुणीतरी वाद घालूनच ठरवतं. फॉन्टची फाइल उघडली की *काय* ठरलं ते दिसतं. *का* ठरलं ते पत्रांत असतं, तिकिटांत असतं. प्रकल्प हलतो तेव्हा कोड उचलायला एक कमांड पुरते, आणि पत्रं उचलायला कुणाला तरी आठवण यावी लागते.

इथे फोगेलला श्रेय द्यायलाच हवं. लिस्टच्या संग्रहाने काय करावं हे सांगताना तो एक अट घालतो: एकदा मिळालेला पत्ता कायम राहावा, म्हणजे आज दिलेली लिंक दहा वर्षांनीही त्याच पत्राकडे जावी. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात मोलाची अट हीच. पण ती पाळायची कुणी, यावर तो सॉफ्टवेअरकडे बोट दाखवून थांबतो. आणि सॉफ्टवेअर कसं वागतं? मेलमन 2 च्या जुन्या संग्रहात पत्रांना ओळीने क्रमांक मिळत. मधलं एखादं स्पॅम काढून संग्रह पुन्हा बांधला, की पुढचे सगळे क्रमांक एकने सरकत. लिंक मोडत नसे, चुकीच्या पत्राकडे जाई, जे जास्त वाईट. (मी स्वतः अशा एका लिंकवरून प्रबंधातला अर्धा परिच्छेद लिहिला होता. नंतर काढावा लागला. प्रकल्पाचं नाव सांगत नाही.) मेलमन 3 मध्ये पत्ता पत्राच्या ओळख-खुणेवरून बनतो, म्हणून तो सरकत नाही.

दुसरी गोष्ट, बाहेरचं जग. 2014 च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या मेलचं धोरण कडक केलं: आमच्या पत्त्यावरून आलेलं, पण सही न जुळणारं पत्र नाकारा. मेलिंग लिस्ट विषयाआधी कंसात आपलं नाव लावते, खाली तळटीप जोडते, त्यामुळे सही मोडते. याहूवाल्याने लिस्टवर पत्र टाकलं की जीमेलसारख्या ठिकाणी ते परत फिरायचं, आणि परत फिरलेली पत्रं मोजून लिस्ट त्या बिचाऱ्या *घेणाऱ्याचं* सभासदत्व थांबवायची. मेलमनने तोडगा काढला, पण तो बसवायला जागा माणूस हवा. म्हणजे “ते बघतील” मधले ‘ते’ कोण, हा प्रश्न उरतोच. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने तीस सभासदांची लिस्ट हा फक्त खर्च असतो.

मी अलिबागची, म्हणून आमच्या वेधशाळेचं उदाहरण सुचतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडतील हे लक्षात आलं, आणि 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून 1841 पासूनची मालिका आजच्या नोंदींशी जोडता येते. फोगेलच्या प्रकरणात नेमकं हे पान नाही: घर बदलताना जुनं आणि नवं काही काळ सोबत कसं चालवायचं, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कसं पाठवायचं, पत्रांची मूळ फाइल कुणाकडे असेल.

तुम्ही एखादा छोटा प्रकल्प चालवत असाल, तर आज रात्री लिस्टचा पूर्ण संग्रह उतरवून घ्या आणि दोन माणसांकडे ठेवा. उतरवता येत नसेल, तर का नाही ते होस्टिंगवाल्याला विचारा. आणि डोमेनचं नाव कुणाच्या खात्यावर आहे तेही बघून ठेवा. बऱ्याचदा ते कधीच सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असतं.