वाघाच्या बातमीतला रिकामा रकाना

उन्हाळा लागला की आमच्याकडच्या पेपरांत एक वाक्य यायला लागतं. गावाचं नाव बदलतं, वय बदलतं, वाक्य तेच राहतं: ‘तेंदूपत्ता तोडण्यासाठी जंगलात गेली असता दबा धरून बसलेल्या वाघाने हल्ला केल्याने महिला जागीच ठार झाली.’ हे वाक्य कुठल्या एका पेपरातून उचललेलं नाही. तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडचे असाल तर तुम्हालाही ते पाठ असेल.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. पीएचडीचा विषय वाघ आणि माणूस यांच्यातला संघर्ष. वनविभागाच्या नोंदींच्या जोडीला बातम्यांची कात्रणंही बघ, असं माझ्या गाइडनी सुचवलं तेव्हा मला ते काम सोपं वाटलं होतं. एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, वेळ, ठिकाण, गावापासून किती अंतर, काय काम चाललं होतं, सोबत किती जण, कोणता प्राणी. कात्रणं भरायला घेतली आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की ‘प्राणी’ हा रकाना कधीच रिकामा राहत नाही. कामाचा कधी भरतो, कधी नुसतं ‘जंगलात गेली’ एवढ्यावर भागतं. अंतर आणि सोबतचे लोक हे रकाने तर बहुतेक वेळा कोरेच. आजचा लेख या कोऱ्या रकान्यांबद्दल आहे.

आधी एक जुना अभ्यास सांगते, कारण प्रसारमाध्यमं आणि धोका या विषयावर बोलताना तो हटकून येतो. १९७९ साली बार्बरा कोम्ब्स आणि पॉल स्लोविक यांनी अमेरिकेतली दोन वर्तमानपत्रं घेतली, एक ओरेगनमधलं, एक मॅसॅच्युसेट्समधलं. माणसं प्रत्यक्षात कशाने मरतात आणि पेपरात कशाने मेलेली दिसतात, याची त्यांनी तुलना केली. खुनांच्या जवळजवळ शंभरपट माणसं आजारांनी मरत होती. पेपरात मात्र खुनांच्या बातम्या सगळ्या आजारांच्या मिळून सुमारे तिप्पट होत्या. लोकांना विचारलं की कशाचा धोका किती, तर त्यांचे अंदाजही पेपराच्याच बाजूला झुकलेले. जे डोळ्यांपुढे पटकन उभं राहतं ते वारंवार घडतं असं आपल्याला वाटतं.

आता हेच गणित आपल्याकडे लावून बघा. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत देशात वाघांच्या हल्ल्यांत ३०२ माणसं गेली. त्यातली १७० एकट्या महाराष्ट्रातली, आणि त्यातही ८५ एका २०२२ सालातली. दुसरीकडे सर्पदंश. ‘मिलियन डेथ स्टडी’वर आधारलेल्या २०२० मधल्या शोधनिबंधाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं साप चावून मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. साप चावून मेलेल्या माणसाची बातमी पहिल्या पानावर शेवटची कधी वाचली, आठवतंय? वाघाची मात्र कालपरवाच वाचली असेल.

एखादा व्याख्याता इथेच थांबेल आणि म्हणेल, बघा, माध्यमं वाघाचा बागुलबुवा करतात. मीही पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये असंच म्हणाले होते. टाळ्याही मिळाल्या. पण ते चुकीचं होतं, आणि चूक शाळेतल्या अपूर्णांकांची होती.

अंश आणि छेद. ३०२ हा अंश झाला. छेद कोणता? देशाची लोकसंख्या घेतली तर वाघाचा धोका शून्याच्या इतका जवळ जातो की चर्चाच संपते. पण पुण्यातला माणूस त्या छेदात कशाला हवा? चंद्रपूरच्या कलेक्टर ऑफिसातला कारकूनही नको. छेदात हव्यात सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी, आरमोरी अशा तालुक्यांतल्या त्या बाया आणि माणसं, जी मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत पहाटे जंगलात असतात, किंवा वर्षभर जंगलाच्या कडेला गुरं चारतात, शेत राखतात. आणि नुसती माणसं मोजून चालणार नाही, त्यांनी तिथे घालवलेले तास मोजावे लागतील. छेद असा आवळत आणला की अपूर्णांक भराभर मोठा होतो. शहरातल्या वाचकाला बातमी वाघाचा धोका फुगवून दाखवते आणि तेंदू तोडणाऱ्या बाईला तीच बातमी तो कमी करून दाखवते, कारण बातमीत छेदच नसतो. एकाच चार ओळींनी दोघांचीही फसगत.

आता त्या वाक्याकडे परत या आणि सावकाश वाचा. ‘दबा धरून बसलेल्या’. हे कोणी पाहिलं? वाघ दबा धरून होता, झोपला होता, शिकारीवर बसला होता की वाघीण पिल्लांजवळ होती, हे बातमी लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तरी वाघाच्या मनातलं वाक्यात आलंय. बाईच्या मनातलं सोडा, तिच्या हातातलं कामसुद्धा ‘गेली असता’ या दोन शब्दांत उरकलंय. ‘गेली असता’मध्ये एक सूक्ष्म ठपकाही आहे, जणू गेली नसती तर बरं झालं असतं. आणि ‘ठार’. आमच्या भागात रस्ता अपघातात माणूस ठार होतो, चकमकीत नक्षलवादी ठार होतो आणि पत्ता तोडणारी बाईही ठारच होते. (‘नरभक्षक’ या शब्दाबद्दल वेगळं लिहावं लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये तो शब्द नाही. तिथे ‘मानवी जीवितास धोकादायक’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. एका माणसावरच्या एका हल्ल्यावरून पेपर वाघाला ही पदवी देऊन मोकळे होतात.)

काम लिहिलं नाही तर काय बिघडतं? पुष्कळ. हर्षवर्धन धनवटे आणि सहकाऱ्यांनी ताडोबाच्या आसपासच्या हल्ल्यांचा अभ्यास २०१३ साली ‘ओरिक्स’ या नियतकालिकात मांडला. २००५ ते २०११ या काळात वाघ-बिबट्यांनी १३२ माणसांवर हल्ले केले, त्यात ७१ मृत्यू. हल्ल्यांपैकी ७८ टक्के वाघांचे. आणि हे हल्ले सर्वांत जास्त कशाच्या वेळी झाले? गौण वनोपज गोळा करताना. म्हणजे मोह, तेंदू, सरपण वगैरे.

याच्यामागचं कारण कामातच आहे. मोहफूल रात्री गळतं आणि गुरं-हरणं खाण्याआधी वेचावं लागतं, म्हणून बाया उजाडायच्या आत झाडाखाली असतात. तेंदूचा पत्ता ऊन चढायच्या आत तोडायचा, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर द्यायचे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी जंगलात काम होत नाही. वाघाचीही वेळ तीच, पहाटेची. त्यात माणूस वाकलेला, कंबरेएवढ्या झुडपांत. उभ्या माणसाची आकृती वाघाला ओळखीची असते; वाकलेली आकृती त्याच्या नेहमीच्या भक्ष्याच्या उंचीची होते, असं अभ्यासक मानतात. सुंदरबनात १९८० च्या दशकात लोकांना डोक्याच्या मागे मुखवटे बांधायला दिले, ते वाघ मागून येतो हे माहीत होतं म्हणून. प्रत्येक हल्ल्याबाबत ‘कसा झाला’ हे कोणीतरी नीट विचारलं, त्यातून तो उपाय निघाला.

१० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढामाल गावच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी तिघी, म्हणून ती बातमी देशभर गेली. त्या दिवशी मी दिसेल ती बातमी वाचत होते आणि खाली येणारी मतंही. ‘जंगलात जातातच कशाला’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी लोकांनी विचारला होता. मी त्यांच्यावर चिडले होते. नंतर विचार केला, बातमीत असं काय होतं ज्यातून त्यांना उत्तर मिळालं असतं? तेंदूपत्ता म्हणजे काय, तो हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो, त्या पैशात खरिपाचं बियाणं आणि पोरांची पुस्तकं येतात, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपत्ता नावानिशी आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा हा पत्ता स्वतः विकायला लागल्या. तेव्हा ती बाई जंगलात भटकायला गेलेली नसते, कामावर गेलेली असते. खाणीत माणूस मेला तर ‘खाणीत गेला असता’ असं कोणी लिहीत नाही. कामगार म्हणतात, सुरक्षेची साधनं होती का ते विचारतात.

माझी आत्या मोह वेचायला जाते. तिला मी एकदा, अभ्यासकाच्या थाटात, धोक्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, “घरी बसून का पैसा भेटते?” आणि टोपली उचलून गेली.

वाघांच्या बाजूला मात्र तपशिलांची कमतरता नाही. ताडोबाच्या वाघांना नावं आहेत, आईबाप माहीत आहेत, कोणाच्या डोळ्याजवळ कुठली खूण ते पर्यटक सांगतात. ‘वाघडोह’ नावाचा म्हातारा वाघ मे २०२२ मध्ये सिनाळ्याच्या जंगलात मेला तेव्हा त्याच्यावर मृत्युलेख आले, आणि ते वाचनीय होते. मलाही वाईट वाटलं. शेजारच्या यवतमाळात ‘अवनी’ला नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातली तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याच वाघिणीच्या नावावर १३ मृत्यू नोंदले होते. ती वाघीण तुम्हाला आठवते, बरोबर? त्या तेरांपैकी एकाचं काम काय होतं हे आठवतं का? मलाही आठवत नव्हतं, शोधावं लागलं. ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात पकडला, त्याच्याही खात्यावर १३. वाघाला क्रमांक होता. मेलेल्यांचा मात्र एकत्रित आकडाच लोकांच्या लक्षात राहिला.

यात तालुक्याच्या वार्ताहराला दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. बहुतेकांचं पोट बातमीवर चालत नाही. कुणाचं झेरॉक्सचं दुकान, कुणाची शेती. जाहिराती आणायच्या त्यांनीच. घटनास्थळ रस्त्यापासून आत, संध्याकाळी पान लागायची घाई, हातात वनविभागाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चार ओळींचा मजकूर. त्या मजकुरात प्राणी असतो, कक्ष क्रमांक असतो, तातडीची मदत दिल्याचा उल्लेख असतो. जे येतं तेच छापलं जातं.

तरीही चार ओळींत दुसरं काहीतरी बसू शकतं, असं मला वाटतं. मागच्या हंगामात अशाच एका वार्ताहर भाऊंशी बोलणं झालं. ते म्हणाले, “ताई, चार ओळी भेटतात. त्यात का का टाकू ते सांगा.” मी सांगितलं: किती वाजता, काय काम, गावापासून किती दूर, सोबत किती जणी. त्यांनी मनावर घेतलं. पुढच्या घटनेला त्यांनी लिहून पाठवलेली बातमी मला आधी दाखवली होती. ‘पहाटे साडेपाचला, गावापासून एक किलोमीटरवर, सहा जणींसोबत वाकून पत्ता तोडत असताना’ अशी सुरुवात होती. माझ्या तक्त्यातले सगळे रकाने एका वाक्यात भरले होते.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. वेळ गेली होती, अंतर गेलं होतं, सहा जणी गेल्या होत्या. त्यांच्या जागी डेस्कवरच्या कुणीतरी चार शब्द घातले होते: ‘दबा धरून बसलेल्या वाघाने’. भाऊंचा फोन आला, म्हणाले, “मी ते लिहिलंच नव्हतं.” मी त्यांची मूळ बातमी तक्त्यात भरली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: अप्रकाशित.