वडिलांच्या पेन्सिलच्या खुणा

दिवाळीच्या फराळात चकलीहूनही कडक पदार्थ वाढतो आहे, ह्याची वाचकांनी क्षमा करावी. परंतु ज्या ग्रंथाविषयी मला लिहायचे आहे, तो आमच्या घरी कपाटात कमी आणि वडिलांच्या उशाशी अधिक असे. वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते. रविवारी प्रार्थनामंदिरात उपदेशही करीत. ग्रंथ सर विल्यम रॅम्झी ह्यांचा, १९१५ सालचा. नाव लांबलचक, मराठीत सांगायचे तर ‘नव्या कराराची विश्वासार्हता आणि नवे शोध’. वडील गेल्यावर ती प्रत माझ्याकडे आली आणि यंदा मी ती प्रथमच सलग वाचली.

रॅम्झी हे स्कॉटलंडचे, जन्म १८५१ चा. १८८० साली ते आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, संशोधनासाठी गेले तेव्हा ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकावर त्यांचा भरवसा नव्हता. दुसऱ्या शतकात कुणीतरी घरबसल्या रचलेली ती कथा, असे जर्मन पंडितांचे मत तेव्हा वजनदार होते आणि तेच घेऊन ते निघाले होते. पुढे मत पालटले. कशाने? चमत्काराने नव्हे, साक्षात्काराने नव्हे. एका शिवेने!

चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा इकुन्याहून पळ काढून लुकवनियातल्या लुस्त्र व दर्बे ह्या नगरांकडे जातात. ह्याचा अर्थ इकुन्य लुकवनियात नव्हते. सिसेरो आणि प्लिनी तर ते लुकवनियातच घालतात. तेव्हा लेखक चुकला, असे टीकाकार म्हणत. रॅम्झींनी तो मुलूख पायांखाली घातला, कोरीव लेख वाचले आणि त्यांना दिसले की इकुन्याचे लोक स्वतःला फ्रिजियन समजत. तिथे फ्रिजियन भाषेतले लेखही मिळाले. आपल्याकडे सरकारी नकाशात गाव कुठल्याही जिल्ह्यात असो, गावकरी घाटावरचा की कोकणातला हे त्यालाच विचारावे लागते, तसेच हे. इकुन्य म्हणजे आजचे कोन्या, जिथे मौलाना रूमींची समाधी आहे. ही शीव दूरच्या शहरात बसून लिहिणाऱ्याला सुचणारी नव्हे. ती त्या वाटेने गेलेल्याला, निदान गेलेल्याच्या तोंडून ऐकलेल्याला ठाऊक असते. ह्या पानांवर वडिलांनी दोन-दोन रेघा ओढल्या आहेत. मलाही ही पाने ग्रंथातली सर्वांत उत्तम वाटतात, कारण इथे लेखक घोड्यावर आहे.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. थेस्सलनीकेच्या अधिकाऱ्यांना ‘कृत्यां’त ‘पोलिटार्क’ म्हटले आहे. हा शब्द जुन्या ग्रीक ग्रंथकारांत आढळत नसे. पण त्याच शहराच्या वेशीवरल्या शिलालेखात तो निघाला आणि तो दगड आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रॅम्झी १९३९ साली वारले. नाहीतर १९६१ साली कैसरियात पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला, तेव्हा त्यांनी आणखी एक प्रकरण लिहिले असते, आणि ते लांबलेही असते. त्यांच्या लेखणीला आवर नाही. एकच मुद्दा तीनदा येतो, विरोधकाला ते सहजी सोडत नाहीत, आणि स्वतःच्या जुन्या ग्रंथांचे दाखले देताना संकोचत नाहीत.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. घोड्यावरून उतरून रॅम्झी वकिलाचा झगा चढवतात तेव्हा ग्रंथ लटका पडतो. लूक म्हणतो, येशूच्या जन्मसमयी क्विरीनिय सूरियाचा सुभेदार होता आणि नावनिशी चालू होती. इतिहासाला माहीत असलेली क्विरीनियाची नावनिशी इ.स. ६ मधली, आणि हेरोद तर त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीच मेलेला. क्विरीनिय आधीही एकदा अधिकारावर होता, असे दाखवण्यासाठी रॅम्झी पाने खर्ची घालतात. बहुसंख्य अभ्यासकांना ते पटलेले नाही. ज्याने शिवा अचूक सांगितल्या त्याचे सर्वच अचूक, हा त्यांचा हिशेब. मला तो मान्य नाही. गावाची वाट बरोबर सांगणारा माणूस साल चुकू शकतो. आणि लुस्त्रातला जन्मपांगळा उठून चालू लागला की नाही, हे कुठला शिलालेख सांगणार?

ह्या हिशेबाची दुसरी बाजू अधिक घातक आहे. गार्स्टँग ह्यांनी १९३० च्या दशकात यरीहो येथे उत्खनन करून यहोशवाच्या काळची पडलेली तटबंदी सापडल्याचे जाहीर केले. पुष्कळ भाविकांना आनंद झाला. १९५२ ते १९५८ ह्या काळात कॅथलीन केन्यन ह्यांनी तिथेच खणून दाखवले की ती तटबंदी जवळजवळ हजार वर्षे आधीची आहे. ज्याने आपली श्रद्धा त्या विटांवर टेकवली होती, त्याने मग काय करावे?

वडिलांनी काय केले असते, हे मी प्रतीत शोधत राहिलो. क्विरीनियाच्या प्रकरणात रेघा नाहीत. एका पानाच्या कडेला मात्र बारीक प्रश्नचिन्ह आहे, पुसून पुन्हा काढलेले. त्या प्रकरणात नाताळच्या एका सभेची हस्तपत्रिका खुणेसाठी घातलेली आहे. म्हणजे शंका ठाऊक असतानाही नाताळच्या रात्री लूकचा दुसरा अध्याय ते आम्हांला वाचून दाखवीत. क्विरीनियाचे नाव त्यांनी कधी गाळले नाही. ते नाव आले की आवाज किंचित उतरत असे. तेव्हा मला वाटे, त्यांना खोकला येतो आहे.