पाच प्रती, एक ‘शोले’

‘शोले’तला मालगाडीवरचा दरोडा पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला. त्या एका प्रसंगाला सुमारे सात आठवडे लागले. रामगढ उभं राहिलं कर्नाटकात, रामनगरच्या कातळांमध्ये. पण गाडी धावली ती आमच्या मुलखात. रसायनीहून पनवेलला जाताना गाडीच्या दारात उभा राहिलो की आजही माझं लक्ष रुळांच्या कडेच्या माळाकडे जातं. घोडे, ओसाड डोंगर, आगगाडी, दरोडेखोरांच्या दहशतीखालचं गाव आणि पैसे मोजून आणलेले दोन बंदूकवाले, हा सगळा ऐवज अमेरिकी आणि इटालियन वेस्टर्नचा. म्हणून जुन्या वेस्टर्नपटांच्या घरगुती आवृत्त्यांबद्दल मराठीत लिहायचं, तर मला ‘शोले’पासूनच सुरुवात करावीशी वाटते. गेल्या चाळीस वर्षांत मी तो पाच रूपांत पाहिला. ही पाच रूपं शेजारी शेजारी ठेवली की नव्या आवृत्तीची पारख कशी करावी, हे नीट कळतं.

नवी आवृत्ती आली की लोक विचारतात, ‘चित्र किती स्वच्छ दिसतं?’ माझ्या मते हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ही प्रत कशावरून काढली? दुसरा, दिग्दर्शकाने आखलेली चौकट, आवाज आणि शेवट तिच्यात शाबूत आहेत का?

मूळ काय होतं, ते आधी पाहू. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पडद्यावर तो ७० मिमी असला तरी चित्रण झालं होतं ३५ मिमी फिल्मवर. छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी कॅमेऱ्यात ७० मिमीच्या चौकटीच्या खुणा करून दृश्यं बांधली आणि पुढे ती मोठी करून घेतली. उंचीच्या २.२ पट रुंद अशी ती चौकट. जोडीला अनेक ट्रॅकचा स्टिरिओ आवाज. जयने उडवलेलं नाणं आपल्याच खुर्चीखाली पडलं असं प्रेक्षकांना वाटायचं, असं सांगतात.

आमच्याकडे हा चित्रपट आला तो व्हिडिओ टेपवर. रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक या रसायन कारखान्याच्या वसाहतीत रविवारी भाड्याचा व्हीसीआर यायचा आणि एका खोलीत तीस-चाळीस माणसं दाटीने बसायची. आमच्या टेपवर चौकट जवळजवळ चौरस होती आणि रंग गुलाबीकडे झुकलेले. तेव्हा वाटलं, टीव्हीच बिघडलाय. खरं कारण वेगळं होतं. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंगथर आधी विरतो आणि मागे लालसर छटा उरते. रसायनीत हे समजावणं सोपं आहे. आमच्या कारखान्यात ॲनिलीन तयार व्हायचं आणि रंगीत फिल्म ज्या द्रव्याने उमलवतात, ते त्याच कुळातलं. रंग म्हणजे रसायन, आणि रसायनाला आयुष्य असतं, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय सेकंदाला २४ चित्रांची फिल्म आपल्या २५ चित्रांच्या टीव्ही पद्धतीत बसवताना थोडी पळवली जाते. २०० मिनिटांचा चित्रपट ८ मिनिटांनी आखडतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. गब्बरच्या आवाजातला खर्ज अशा प्रतीत उतरला नसेल, तर दोष अमजद खान यांचा नव्हे.

दुसरी प्रत व्हीसीडीची. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावतो, म्हणून ‘शोले’च्या तीन तबकड्या. चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ त्यात चौकोनी तुकड्यांत फुटायची. तरीही या माध्यमाचं ऋण मोठं आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, आणि पगारदार माणसाच्या कपाटात पहिल्यांदा चित्रपटांची रांग लागली. संग्रह ही श्रीमंतांची हौस राहिली नाही.

डीव्हीडीत ठिपके चौपट झाले आणि पेच सुरू झाला. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरने तो नाकारला आणि शेवटच्या क्षणी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट नव्याने चित्रित झाला. इरॉस कंपनीने डीव्हीडीवर दोन्ही रूपं काढली. मूळ शेवटाचं २०४ मिनिटांचं रूप मिळालं, पण पूर्ण उंचीच्या, टीव्हीच्या आकाराच्या चौकटीत. रुंद चौकट मिळाली ती कापलेल्या रूपात. एकात शेवट खरा, दुसऱ्यात चौकट खरी. मी दोन्ही घेतल्या आणि ताडून पाहिल्या. पूर्ण चौकटीत वर आकाश आणि खाली जमीन जास्त दिसते. ‘जास्त दिसतं’ म्हणजे ‘चांगलं’, असं अनेकांना वाटतं. ठाकूरच्या अंगणातलं हत्याकांड दोन्हींत लावून पाहावं. रुंद चौकटीत माणसांमधलं अंतर ताणलेलं राहतं आणि करकरणारा झोपाळा त्या पोकळीत घुमतो. उंच चौकटीत तीच पोकळी भरून जाते आणि प्रसंगाची धार बोथट होते. दिवेचांनी खुणा केल्या होत्या त्या याचसाठी.

चौथं रूप जानेवारी २०१४ मधलं थ्रीडी. सपाट चित्रणातून नंतर कोरून काढलेली खोली मला पटली नाही. दिवेचांनी खोली आधीच दिली होती. राधा एकेक दिवा मालवते आणि खाली पायरीवर जय माउथ ऑर्गन वाजवतो, त्या दृश्यात दोघांमधलं अंतर उजेडानेच मोजलं आहे. त्याला चष्म्याची गरज नव्हती.

पाचवं रूप फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने केलेल्या पुनरुज्जीवनाचं. फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. पण यात खरी थोरवी शोधाची आहे. ७० मिमीची एकही प्रिंट उरली नव्हती आणि मूळ कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झाली होती. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि डबा उघडताच शिरक्याचा वास येतो. इंग्लंडमधल्या एका गोदामात इंटरपॉझिटिव्ह आणि इतर मधल्या प्रती सापडल्या, मूळ चुंबकीय ध्वनिपट्टी हाती आली, आणि इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत सुमारे तीन वर्षांनी काम पुरं झालं. जून २०२५ मध्ये तिथल्याच चौकात हा चित्रपट मूळ शेवटासह दाखवला गेला आणि १२ डिसेंबर २०२५ ला आपल्याकडे पुन्हा प्रदर्शित झाला.

माझे तीन प्रश्न या रूपाला लावले तर? स्रोत मूळ निगेटिव्हपासून एक पिढी दूर आहे, त्यामुळे प्रत्येक दृश्यात वस्तऱ्यासारखी धार मागणं अन्याय होईल. चौकट मात्र ७० मिमीची आहे आणि आवाज मूळ पट्टीवरचा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा चौकट आणि शेवट एकत्र आले. डीव्हीडीने लादलेली निवड संपली, हा मला या कामाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

एक आक्षेप तरीही नोंदवायला हवा. १९७५ पासून कोट्यवधी लोकांनी जो पाहिला, तो अटकेचा शेवट. तो लादलेला होता हे खरं, पण आणीबाणीची ती खूण आहे, आणि इतिहासाची खूण पुसायची नसते. घरी ठेवायच्या आवृत्तीत दोन्ही शेवट सारख्याच प्रतीचे हवेत. सर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या संग्राहकांनी हे शिकवलं आहे. २००३ मध्ये त्यात कापलेली दृश्यं परत घातली आणि ईस्टवूड व वॉलाक यांनी म्हातारपणीच्या आवाजात त्यांचं डबिंग केलं. २०१४ च्या फोर-के स्कॅनमध्ये तपशील वाढला, पण चित्रावर पिवळी झाक चढली. २०१७ मध्ये किनो लॉर्बरने चित्रपटगृहातलं रूप आणि वाढीव रूप एकाच संचात दिलं, तेव्हा कुठे लोकांचं समाधान झालं. अशीच गोष्ट फिल्मच्या कणांची. लिओनेचे त्या काळचे चित्रपट टेक्निस्कोपवरचे, फ्रेमला दोन छिद्रं, म्हणजे नेहमीच्या निम्मी जागा. तिथे कण दिसणारच. जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) व्हिस्टाव्हिजनवर, आडव्या धावणाऱ्या फिल्मवर आठ छिद्रांच्या फ्रेमचा. त्याचं चित्र तळ्यासारखं निवळ. दोघांना एकच गज लावून कण घासून काढले, तर चेहरे मेणाचे होतात.

हा विचार मला मराठी चित्रपटांपाशी आणून सोडतो. ‘शोले’चं रामगढ उभारणारे राम येडेकर आपले, आणि त्याला मिळालेला एकमेव स्पर्धात्मक फिल्मफेअर पुरस्कार संकलक एम. एस. शिंदे यांचा. मग आपल्या भाषेतल्या चित्रपटांच्या प्रतींकडे आपण याच डोळ्यांनी का पाहत नाही? व्हेनिसला गौरवलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) आपण आवाज खरखरत असला तरी भक्तीने सोसतो. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या जुन्या फिल्म जळाल्या, तेव्हा आपण हळहळलो. उरलेल्या प्रती कोणत्या पिढीच्या, हे मात्र विचारलं नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची गोष्ट सांगणारा ‘जैत रे जैत’ (१९७७) मला तर घरचाच. कर्नाळ्याचा सुळका आमच्या भागातून दिसतो. स्मिता पाटीलच्या चिंधीचा खरा वर्ण आणि रानाचा खरा हिरवा रंग कोणत्या प्रतीत आहे, हे शोधणं हेही समीक्षेचंच काम आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात २०२२ मध्ये ३६३ कोटी रुपये खर्चून सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा झाली. आकडा मोठा आहे. प्रत्येक चित्रपटामागे स्रोताची नोंद असेल, तर तो सार्थ ठरेल.

माझी मागणी साधी आहे. रसायनीच्या कारखान्यातून एकही पिंप लेबलाशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. आत काय आहे, कोणत्या घाण्याचं, किती शुद्ध, हे वर लिहिलेलं असायचं. चित्रपटाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर तशाच चार ओळी छापाव्यात: कशावरून स्कॅन केलं, चौकट कोणती, आवाज कुठला, शेवट कोणता. माझ्या कपाटातल्या ‘शोले’च्या तीन व्हीसीडींवर यातलं काहीच नाही. त्या मी टाकलेल्या नाहीत. त्यांवर मीच कागद चिकटवून या चार ओळी लिहून ठेवल्या आहेत.