१९२६ चा ट्रेड युनियन कायदा कसा वाचायचा?

कामगार चळवळीवर प्रबंध करायचा म्हटलं, की पहिल्या प्रकरणात एक वाक्य हमखास येतं: ‘१९२६ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कामगार संघटनांना मान्यता दिली.’ ते लिहिण्याआधी मूळ कायदा उघडून बघा. मालकाने युनियनशी बोललंच पाहिजे, असं कलम त्यात नाही. आहे ती फक्त नोंदणी, आणि तीही ऐच्छिक.

नोंदणीचा फायदा मात्र खरा होता. मद्रासमध्ये बिन्नी कंपनीने बी. पी. वाडियांना कोर्टात खेचलं, त्यानंतर १९२१ साली ना. म. जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात संरक्षणाची मागणी केली. १९२६ ला ते मिळालं, पण अटींसह. दरवर्षी हिशोब द्यायचा, निधी ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा, राजकारणासाठी वेगळा फंड ठेवायचा आणि निम्मे पदाधिकारी त्याच उद्योगातले घ्यायचे.

या पाठिंब्याची परीक्षा लगेच झाली. मुंबईची गिरणी कामगार युनियन १९२८ साली याच कायद्याखाली नोंदली गेली. त्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या संपात तिची ताकद दिसली आणि मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर मीरत खटल्यात अडकले. आरोप होता बादशहाची सत्ता उलथवण्याच्या कटाचा, दंडविधानाच्या १२१-अ कलमाखाली. १९२६ चं संरक्षण १२०-ब च्या एका पोटकलमापुरतं होतं. म्हणजे नोंदणी असूनही इथे उपयोग शून्य.

आता हाच कायदा नंदुरबारकडून वाचा. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात होता. कायद्यातला ‘वर्कमन’ म्हणजे व्यापार किंवा उद्योगात काम करणारा. १९२९ च्या व्हिटली आयोगाची चौकशीही औद्योगिक कामं आणि चहा-कॉफीसारखे मळे यांपुरतीच. शहाद्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार दोन्हीकडे बसत नाही. शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती १९७२ साली, स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी.

म्हणून आयोगाच्या अहवालात खानदेशचा शेतमजूर सापडला नाही, तर ‘इथे संघर्षच नव्हता’ असा निष्कर्ष काढू नका. महसूल, जंगल आणि सावकारीचे कागद बघा. आणि ‘सरकारचा पाठिंबा’ असं लिहिताना प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारा: कोणाला, आणि नेमकं काय करू देण्यासाठी? उत्तर कलमासकट देता येत नसेल, तर ते वाक्य खोडा.