‘गुन्हा कबूल आहे’ हे वाक्य कुणाचं?



मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकापाशी थांबलो होतो. गलबत वादळात सापडतं आणि कप्तान माल समुद्रात फेकून देतो. त्यानं तो स्वेच्छेनं फेकला का? ॲरिस्टॉटल म्हणतो, ही कृती मिश्र आहे, पण त्या क्षणी ती निवडलेली असल्यामुळे स्वेच्छेकडे झुकणारी आहे. व्याख्यान संपल्यावर एक तरुण वकील मला म्हणाला, “सर, आमच्या कोर्टात आरोपी रोज असा माल फेकतात. तो स्वेच्छेनं फेकला असं आम्ही लिहून घेतो.” हे वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज त्या प्रश्नाच्या निमित्तानं एक जुना निकाल वाचू या.

निकाल इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा आहे, १९७० सालचा, टर्नर खटल्यातला. आरोप चोरीचा. आरोपीनं सुरुवातीला गुन्हा नाकारला. त्याच्या वकिलांनी त्याला बजावलं की, पोलीस खोटं बोलतात असा पवित्रा घेऊन तू हरलास तर तुरुंग संभवतो. कबुली दिलीस तर तुरुंगाबाहेरची शिक्षा मिळेल. मग वकील न्यायाधीशांना त्यांच्या दालनात भेटून आले आणि पुन्हा तेच म्हणाले. आरोपीला वाटलं, हे आता खुद्द न्यायाधीशांचं मत आहे. त्यानं कबुली दिली आणि नंतर अपील केलं.

न्यायालयानं काय ठरवलं बघा. वकिलाला सल्ला द्यायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, गरज पडली तर कडक शब्दांतसुद्धा. त्यात चूक नाही. पण सल्ल्यामागे न्यायाधीश आहेत अशी आरोपीची समजूत झाली असेल, तर निवड मोकळी राहिली नाही. म्हणून कबुली रद्द, खटला नव्यानं.

निकाल आरोपीच्या बाजूनं गेला, तेव्हा वाचताना बरं वाटतं. पण तर्क तपासला की गाडी अडते. आरोपीसमोरचे दोन पर्याय काय होते? लढून हरलास तर तुरुंग, वाकलास तर घर. वकील स्वतःच्या मतानं बोलला तरी हेच पर्याय आणि न्यायाधीशांच्या वतीनं बोलला तरी हेच. म्हणजे इच्छा मोकळी होती की नाही हे ज्याला निवडायचं आहे त्याच्या परिस्थितीवरून ठरलं नाही. दाब कोणत्या खुर्चीतून आला त्यावरून ठरलं. न्यायाधीशानं सौदा करू नये हा नियम चांगलाच आहे, पण तो न्यायासनाच्या प्रतिष्ठेचा नियम आहे. निकालानं त्याला इच्छास्वातंत्र्याचं नाव दिलं.

याचा पुरावा पुढं त्याच न्यायालयानं दिला. २००५ साली गुडइयर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठानं ठरवलं की, आरोपीनं स्वतः विचारलं तर, आता कबुली दिल्यास जास्तीत जास्त किती शिक्षा होईल, हे न्यायाधीश खुल्या न्यायालयात सांगू शकतात. पस्तीस वर्षांत माणसाची इच्छाशक्ती तर बदलली नव्हती! (हशा) बदलली ती व्यवहाराची रीत. उघडपणे झालेला व्यवहार बंद दालनातल्या कुजबुजीपेक्षा बरा, हे मलाही मान्य आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न कप्तानाच्या उदाहरणात उलगडतो. कप्तान माल फेकतो तेव्हा तो जगाविषयी काही विधान करत नाही. आरोपी ‘गुन्हा कबूल आहे’ म्हणतो तेव्हा तो दोन गोष्टी एकदम करतो. एक, लढाई सोडतो. ही कृती झाली. दोन, ‘मी हे केलं’ असं सांगतो. हे विधान झालं. कृतीचा मोबदला देता येतो. विधान मात्र मोबदल्यानं खरं होत नाही. साक्षीदारानं पैसे घेऊन साक्ष दिली तर आपण तिची किंमत शून्य धरतो. मग सवलत घेऊन दिलेल्या कबुलीला पूर्ण पुरावा कसं मानायचं?

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ज्याच्या घरी घरफोडी झाली त्याला वर्षानुवर्षं तारखांना यावं लागू नये, खऱ्या पश्चात्तापाची दखल घेतली जावी, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. कबुलीला सवलत मुळीच नको असं मी म्हणत नाही.

आपल्याकडं काय आहे? १९७६ साली मुरलीधर मेघराज लोया खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यांवर कोरडे ओढले. २००६पासून मात्र कायद्यानंच त्यांना एक चौकट दिली. ती सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी. घरातली चोरी तीत बसते. चोरीसाठी रात्री केलेली घरफोडी बसत नाही, कारण तिला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्या चौकटीबाहेरची साधी कबुली पूर्वीपासून चालू आहेच. आणि तिच्यानंतर अपिलाचं दार जवळजवळ बंद होतं: शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील. दोषी आहे की नाही, हा प्रश्न कबुलीनं मिटला असं धरलं जातं. जिथं कबुली खोटी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं तिथंच फेरतपासणी नाही.

एकदा एका तालुक्याच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. मोटारसायकल चोरीच्या आरोपातला एक पोरगा उभा होता. जामीनदार नाही म्हणून कित्येक महिने कोठडीत. ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारल्यावर त्यानं आधी वकिलाकडं पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या आईकडं, आणि म्हणाला, ‘हो.’ कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा झाले आणि त्याच संध्याकाळी तो घरी गेला. त्यानं चोरी केली होती का? मला माहीत नाही. माझा मुद्दा असा की, त्या ‘हो’वरून ते कोर्टालाही कळलं नव्हतं. नाकारलं असतं तर तो आत राहिला असता, कबूल केलं म्हणून सुटला. त्याच्या नावावर गुन्हा मात्र कायमचा लागला.

यावर उपाय कायद्याच्या एका क्रियापदात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २४१ सांगतं की, आरोपीनं कबुली दिली तर दंडाधिकाऱ्यानं ती नोंदवावी आणि त्यावरून तो त्याला दोषी ठरवू ‘शकतो’. ठरवलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. नव्या संहितेतही हे कायम आहे. या ‘शकतो’मध्ये दोन मिनिटांचे प्रश्न मावतात: काय केलंस, कुठं, माल कुठं गेला, आणि नाकारलंस तर काय होईल असं तुला सांगितलंय? उत्तरं कागदपत्रांशी जुळली नाहीत तर कबुली बाजूला ठेवून खटला चालवावा.

टर्नर निकालानं ‘दाब कुणाचा?’ असं विचारलं. आधी विचारायला हवं, ‘हे खरं आहे का?’ तो प्रश्न खालच्या कोर्टात विचारला नाही, तर वर तो विचारायची सोय आपण ठेवलेली नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. वकील मंडळींनी आधी बोलावं.