वय आणि मुरणे

रमच्या बाटलीवरचा आकडा वाचणे आणि रम पारखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा मद्यसमीक्षेला वारंवार विसर पडतो. ‘सात’, ‘बारा’, ‘तेवीस’ असे आकडे शेजारी मांडून गुण दिले जातात. पण हे आकडे एकाच मापाचे नसतात. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार बाटलीवर लिहिलेले वय मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या मद्याचे असावे लागते. ग्वाटेमालाच्या ‘झकापा २३’ या रममध्ये मात्र सहा ते तेवीस वर्षांची मद्ये एकत्र केलेली असतात.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: मुरणे. लोणचे किती दिवसांचे आहे एवढ्यावरून ते किती मुरले हे कोणी सांगत नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातले मद्य वर्षाला सुमारे २ टक्के उडून जाते, बंगळुरूत १० ते १२ टक्के. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे नेणाऱ्या चंद्रपुरात पिंप ठेवले, तर पाच वर्षांत काय उरेल आणि लाकडाचा किती अंश त्यात उतरेल, याचा हिशेब थंड देशाच्या पंचांगाने करता येत नाही.

दुसरी अडचण साखरेची. काही रममध्ये ऊर्ध्वपातनानंतर साखर घालतात. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमनात तिला लिटरमागे २० ग्रॅमची मर्यादा घातली. तेव्हा समीक्षक ‘मखमली’ म्हणतो, ते पिंपाचे कौतुक की साखरेचे? डोळेही फसवतात. बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशे यांनी ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. जुन्या रमचा गडद रंगही पुष्कळदा कॅरमेलचा असतो.

हा प्रश्न शौकिनांपुरता वाटेल. वैनगंगेच्या काठी तो तसा राहत नाही. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे आज नदीच्या एका काठावर बाटलीमागे परवाना, दुकान आणि तक्रारीची जागा आहे. दुसऱ्या काठावर चोरून पोचलेल्या बाटलीचे लेबल कशाचीच हमी देत नाही.

याच मुलखात मोहाची दारू आहे. तिला वय नाही, पिंप नाही, लेबल नाही. तिला रमच्या मापाने ‘कच्ची’ ठरवणे अन्यायाचे. फुलाचा वास हाच तिचा गुण. पण लोकांची पारखही सरसकट मानता येत नाही. ‘पहिल्या धारेची’ हे आपल्या भाषेतले सर्वांत जुने प्रशस्तिपत्र म्हणावे लागेल, आणि ते चवीचे नसून जोराचे आहे. कुशल ऊर्ध्वपातक पहिला अंश वेगळा काढतो, कारण ॲसिटाल्डिहाइडसारखी उग्र, चटकन उडणारी द्रव्ये त्यातच जास्त असतात. शहरी समीक्षक वर्षे मोजतो, गावकरी जोर मोजतो. दोघेही एका मापात सगळी पारख कोंबतात.

विस्तवावर टाकून भडका पाहणे ही जुनी कसोटी. पण मिथेनॉलही भडकते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ते विष जिभेला खात्रीने ओळखू येत नाही. म्हणून मद्यसमीक्षेच्या विश्वासार्हतेची पहिली अट रसिकता नव्हे, मर्यादेचे भान आहे. बाटली कुठून आली, फुकट मिळाली की विकत घेतली, नाव झाकून चाखली का, साखर मोजली का, वय कोणाच्या शब्दावर मानले, एवढे लिहावे. गुण त्यानंतर द्यावेत. चव जीभ सांगेल. बाटलीत काय आहे याची साक्ष मात्र प्रयोगशाळेकडून आणि कायद्याकडूनच घ्यावी लागते, आणि वैनगंगेच्या पलीकडे ती साक्ष मागायची सोयच नाही.