अनुशेषाचे तीन अहवाल

परीक्षणाच्या सदरात कादंबरी, काव्यसंग्रह किंवा चरित्र यांऐवजी सरकारी अहवाल पाहून काही वाचकांच्या कपाळी आठी उमटेल, हे आम्ही जाणून आहोत. अहवालात रस नसतो, अलंकार नसतात, आणि त्याचा शेवट बहुधा शिफारशींच्या यादीत होतो. तथापि ज्या तीन अहवालांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्यांनी एक शब्द मराठी माणसाच्या नित्य बोलण्यात आणून सोडला, आणि गेली चाळीस वर्षे महाराष्ट्राच्या राजकारणातील एक मोठा वाद त्या शब्दाभोवती फिरत राहिला आहे. तो शब्द 'अनुशेष' हा होय.

गडचिरोलीकडून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने एकदा भर वर्गात विचारले, "सर, अनुशेष म्हणजे थकबाकीच ना? मग थकबाकीदार कोण?" वर्ग हसला, आम्हीही हसून वेळ मारून नेली. मात्र प्रश्न मनातून जाईना, म्हणून हे अहवाल पुन्हा हाती घेतले. त्यांत थकबाकीची रक्कम पैशापर्यंत मोजलेली आढळली. थकबाकीदाराचे नाव मात्र कोठेच आढळले नाही.

या हिशेबाचा आरंभ महाराष्ट्र राज्याच्या जन्मापूर्वीचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील पुढाऱ्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. तिन्ही विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरवावे, आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरास भरवावे, असे त्यात ठरले. पुढे १९५६ साली राज्यघटनेच्या ३७१व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली व समन्यायी निधिवाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविता येईल, अशी सोय झाली. ही मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. एका तरतुदीला कागदावरून जमिनीवर उतरण्यास अडतीस वर्षे लागली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. कारण पुढील सर्व कथेचे बीज तिच्यात आहे.

पहिला अहवाल वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा, १९८४ चा. भारतातील दारिद्र्याची मोजदाद करणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने येथेही मोजमापाचाच मार्ग धरला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट पाहावयाची, आणि ती भरून काढण्यास येणारा खर्च म्हणजे अनुशेष. एकूण रक्कम ३,१८६ कोटींच्या वर गेली. तिच्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २३.५ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांच्या वर निघाला.

या अहवालाचा गुण आम्ही प्रथम सांगतो, कारण तो मोठा आहे. त्यापूर्वी मागासलेपणाची चर्चा म्हणजे व्यासपीठावरील आक्रोश आणि त्यावरील मंत्र्यांचे आश्वासन, एवढेच असे. दांडेकरांनी त्या आक्रोशाला आकडा दिला. शिवाय विभागाऐवजी जिल्हा हे माप धरल्यामुळे 'पश्चिम महाराष्ट्र म्हणजे सुखवस्तू' ही सोयीची समजूतही ढासळली. सरकारने हा अहवाल रीतसर स्वीकारला नाही. परंतु त्यातील आकड्यांच्या आधारे पैसे वाटण्यास मात्र आरंभ केला.

आता दोष. सरासरी ही स्थिर खूण नव्हे. पुढारलेले जिल्हे पुढे जातच राहिले, तर सरासरीही वर चढते, आणि मागे राहिलेला जिल्हा धावूनही मागेच राहतो. राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा सुधारलेला आकडा १४,००६ कोटींच्या घरात गेला; म्हणजे दशकभरात चौपटीहून अधिक. मधल्या काळात महागाई वाढली हे खरे. परंतु फेडत असता वाढत जाणारी थकबाकी पाहून कोणत्याही गृहस्थाला आपल्या हिशेबाच्या वहीविषयी शंका आली असती.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून खोल आहे. 'अनुशेष' या शब्दाने विकासाला रकमेचे रूप दिले, आणि रक्कम एकदा मंजूर झाली की अडथळा दूर झाला, असे समजण्याची सवय सरकारला लागली. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणाचे उदाहरण घ्या. १९८३ साली त्याला सुमारे ३७२ कोटींची मंजुरी मिळाली आणि १९८८ साली पायाभरणी झाली. पुढे जमिनीचे संपादन, बुडित गावांचे पुनर्वसन, वनखात्याची परवानगी आणि कालव्यांची रखडलेली कामे यांत काळ लोटत गेला, आणि खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. या अवधीत वहीत खर्च पडत राहिला. शेतात पाणी पडले नाही. अनुशेषाची भाषा बोलणाऱ्याला या दोहोंतील भेद दिसत नाही, कारण त्याच्या वहीला पिकाचा रकानाच नाही.

सरकारला अडथळे ओलांडता येत नाहीत, असेही नव्हे. कृष्णा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले ५६० अब्ज घनफूट पाणी मे २००० पर्यंत अडविले नाही, तर हक्क जाईल, ही भीती उभी राहताच १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ निघाले आणि रोखे विकून पैसा उभा केला गेला. ती सर्व कामे वेळेत पुरी झाली, असा आमचा दावा नाही. परंतु मुदतीचा धाक असला म्हणजे पैशाला वाट सापडते, एवढे त्यावरून सिद्ध होते. वैनगंगेच्या काठी असा धाक कोणीच घातला नव्हता.

मराठवाड्याचा अडथळा आणखी निराळा आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. परंतु गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक व नगरकडे धरणे होत गेली, आणि कमी पावसाच्या वर्षी खाली पाणी किती सोडावे हा तंटा उभा राहिला. तुटीच्या काळात समन्यायी वाटप करण्याची तरतूद २००५ च्या कायद्यात आहे. ती अंमलात आणविण्यासाठी लोकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. येथे रुपयांचा अनुशेष कितीही भरला, तरी वरच्या शेतकऱ्याला 'थांब' म्हणण्याचे धैर्य त्या रकमेतून विकत घेता येत नाही.

तिसरा अहवाल विजय केळकर समितीचा. २०११ साली नेमलेल्या या समितीने २०१३ साली अहवाल दिला. तो विधिमंडळापुढे आला २०१४ च्या अखेरीस. जुनी वही मिटवून तिने केवळ कामांच्या संख्येऐवजी विकासातील तुटीकडे पाहिले. पाण्याला अग्रस्थान दिले, आदिवासी भागांचा स्वतंत्र विचार केला. आमच्या मते तिन्हींत विचाराने प्रौढ असा हाच ग्रंथ. परंतु त्याच्या नशिबी वाचक आले नाहीत. प्रत्येक विभागाने आपल्या वाट्याचे पान उघडले, आपल्याला किती मिळाले ते पाहिले, आणि ग्रंथ मिटला. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदतही सरली. तेव्हा साथीचे दिवस होते, आणि शहरांतल्या आम्हां लोकांना ते फारसे कळलेही नाही.

या शेवटच्या वाक्यात आम्ही स्वतःला गोवले आहे, ते जाणून बुजून. थकबाकीदार कोण, या प्रश्नाला 'सरकार' हे उत्तर सोपे आहे. परंतु पाण्याचा, रस्त्यांचा आणि महाविद्यालयांचा लाभ ज्यांना आधी मिळाला, त्यांत आम्ही आहोत, आणि बहुधा हे पान वाचणारे कुटुंबही आहे. नळाला एक दिवस पाणी आले नाही, तर वर्तमानपत्राला पत्र लिहिणारे आपण. गोसीखुर्दच्या कालव्यासाठी आपल्यापैकी किती जणांनी पत्र लिहिले?

पुढील समितीकडून आमची अपेक्षा मोठी नाही. तिने जिल्ह्याखाली उतरून तालुका पाहावा. मंजूर निधीऐवजी भिजलेले एकर आणि शाळेत टिकलेली मुले मोजावीत. आणि प्रत्येक रखडलेल्या कामापुढे अडथळ्याचे नाव, तो दूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि मुदत, हे तीन रकाने घालावेत. असा अहवाल निघाला, तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्ही हसून वेळ मारून न नेता उत्तर देऊ शकू. तो आता आपल्या गावाकडे शिक्षक आहे. त्याचे विद्यार्थीही त्याला हेच विचारीत असतील.